आधी चालू, मग रंग

नमस्कार श्रोतेहो.

ट्रॅक्टर म्हटलं की आपल्याला उसाच्या ट्रॉल्या ओढणारा धूड आठवतो. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो त्याच जातीचा, पण फार लहान. उंचीला कमरेच्या जरासा वर, एका माणसापुरती सीट, पुढे एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि ताकद साधारण ७ ते १६ हॉर्सपॉवर. अमेरिकेत याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली कुटुंबं शहरं सोडून उपनगरांत राहायला गेली. घराभोवती अर्धा-एक एकर जागा आली आणि जागेपाठोपाठ कामं आली. उन्हाळ्यात गवत कापायचं, वसंतात भाजीपाल्यासाठी माती नांगरायची, हिवाळ्यात दारातला बर्फ लोटायचा. मोठा ट्रॅक्टर घ्यावा एवढं काम नाही आणि हातानं उरकेल एवढं थोडंही नाही. त्या मधल्या जागेसाठी हे यंत्र तयार झालं.

मी इलिनॉय राज्यात राहतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे असे ट्रॅक्टर शोधायचे, दुरुस्त करायचे आणि पुन्हा कामाला जुंपायचे, हा माझा छंद आहे. छंद म्हणण्यापेक्षा वेड म्हणा, माझी हरकत नाही.

थोडा इतिहास सांगतो. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी एल्मर पाँड आणि त्यांचा मुलगा सेसिल या बापलेकांनी १९४६ साली एका गॅरेजमध्ये छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. पुढे 'व्हील हॉर्स' या नावानं त्यांचे लाल ट्रॅक्टर देशभर गेले. मग मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६० च्या अखेरीला 'कब कॅडेट' आणला. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या ज्या कारखान्यात शेतीसाठीचा 'फार्मॉल कब' ट्रॅक्टर बनत होता, तिथेच हाही बनू लागला आणि त्याच्या गिअरबॉक्सचा पायाही फार्मॉल कबचाच होता. १९६३ साली जॉन डिअरनं विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून '११०' हे मॉडेल काढलं.

इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना परकं वाटायचं कारण नाही. १९६३ मध्येच महिंद्रांनी याच कंपनीशी भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि त्यातून 'बी-२७५' आला. तो ट्रॅक्टर ज्यांनी चालवला असेल त्यांनी कब कॅडेटचं बॉनेट उघडलं, तर बिडाचं जड, ऐसपैस काम बघून त्यांना ओळख पटेल.

मला या यंत्रांचं मोल वाटतं ते एका गोष्टीसाठी. ती उघडता यावीत म्हणूनच बनवलेली आहेत. आज दुकानात मिळणारं स्वस्त गवत कापायचं यंत्र घ्या. त्याचा गिअरबॉक्स हा एक बंद डबा असतो. बिघडला की डबा बदला, नाहीतर यंत्रच फेका. साठच्या दशकातल्या या ट्रॅक्टरचा प्रत्येक भाग बोल्टनं जोडलेला आहे. पान्यांचा एक सेट, स्क्रू-ड्रायव्हर, बारीक फट मोजायच्या पत्र्यांचं फिलर गेज आणि धीर, एवढ्यावर बहुतेक काम होतं. माणसाला यंत्र समजून घ्यायचं असेल तर याच्याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आता इंजिनाकडे येऊ, कारण खरी मजा तिथेच आहे.

यातल्या पुष्कळ ट्रॅक्टरांवर कोहलर कंपनीचं 'के' मालिकेचं इंजिन असतं. हो, तीच कोहलर, आपल्याकडे जिचे नळ आणि वॉशबेसिन मिळतात. ही इंजिनं बिडाची, एका सिलिंडरची, हवेवर थंड होणारी. त्यांच्या नंबरातच बरीच माहिती असते. के-१८१ म्हणजे सुमारे १८ घन इंचांचं इंजिन आणि शेवटचा १ म्हणजे सिलिंडर एक. हे झालं ८ हॉर्सपॉवरचं. के-२४१ म्हणजे २४ घन इंच आणि १० हॉर्सपॉवर.

वर्षानुवर्षं गोठ्यात पडून राहिलेलं इंजिन बऱ्याचदा जाम झालेलं असतं. अशा वेळी स्टार्टर मारून बघायचा मोह होतो. तो आवरायचा. प्लग काढायचा, भोकातून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं आणि काही दिवस विसरून जायचं. मग फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक, हातानं मागेपुढे हलवून बघायचं. केसभर जरी हललं तरी अर्धी लढाई जिंकली. नाहीच हललं तर हेड उघडायचं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. बोल्ट सोडले की पिस्टन, दोन्ही व्हॉल्व्ह आणि साठलेला कार्बन सगळं समोर येतं. कार्बन लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचा. पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोके द्यायचे. तेल मुरलेलं असेल तर तो हळूहळू सुटतो. जोर केला तर मात्र रिंग तुटते, आणि पाच मिनिटांच्या घाईपायी पूर्ण इंजिन खोलायची पाळी येते.

इंजिन मोकळं झालं की ठिणगीचं बघायचं. ज्यांनी राजदूत किंवा लॅम्ब्रेटा चालवली आहे त्यांना पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी छोटी कळ, आणि तिला जोडलेला कंडेन्सर सांगायला नकोत. इथेही तेच आहे, फक्त सोय अधिक. पॉइंट इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला एका छोट्या झाकणाखाली असतात. आत कॅमशाफ्ट फिरतो, तो एका बारीक दांड्याला ढकलतो आणि दांडा पॉइंट उघडतो. पॉइंटची तोंडं काळी पडलेली असतात, ती बारीक कानशीनं साफ करायची, मग कोरा कागद मध्ये धरून ओढायचा, म्हणजे कीसही निघून जातो. पुरते उघडलेले असताना मधलं अंतर इंचाच्या हजार भागांपैकी वीस भाग, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवायचं.

हे झालं ढोबळ काम. बारीक काम मला फार आवडतं, ते सांगतो. फ्लायव्हीलवर दोन खुणा असतात, 'एस' आणि 'टी'. 'टी' म्हणजे पिस्टन अगदी वर आलेला आणि 'एस' ही त्याच्या थोडी आधीची जागा, जिथे ठिणगी पडली पाहिजे. बारा व्होल्टचा एक लहान दिवा घ्यायचा. त्याची एक वायर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी इंजिनाच्या बॉडीला. चावी चालू करायची आणि इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेनं फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवायचं. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो. ज्या क्षणी ते उघडतात त्या क्षणी दिवा लागतो. तो क्षण आणि बघायच्या भोकात दिसणारी 'एस'ची खूण जुळली पाहिजे. जुळली नाही तर पॉइंटचा स्क्रू सैल करून कणभर सरकवायचं आणि पुन्हा फिरवायचं. पाच रुपयांच्या दिव्यावर आणि दोन वायरींवर इंजिनाचं टायमिंग इतकं नेमकं लागतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरबद्दल थोडक्यात. टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोल चिकट होऊन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, बसतं. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून सगळे गॅस्केट नवे घालायचे, पेट्रोलची नळी नवी टाकायची, आतला तरंगणारा फ्लोट हलवून त्याच्या आत पेट्रोल शिरलंय का ते बघायचं. जेटमध्ये पोलादी तार कधीही घालू नये, भोक मोठं होतं आणि मग मिश्रण जमत नाही. वायरमधला तांब्याचा एक बारीक तंतू पुरतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. या इंजिनात तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक पळीवजा जीभ असते. ती दर फेऱ्याला तेलात बुडते आणि ते सगळीकडे उडवते. रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि बहुतेक इंजिनांत मध्ये वेगळं बेअरिंग न घालता तो थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, फिरतो. तेल थोडं जरी कमी पडलं तरी पहिला बळी रॉडचा जातो. म्हणून इंजिन खोललंच असेल तर क्रँकची पिन मायक्रोमीटरनं मापून घ्यावी. झिजली असेल तर ग्राइंडिंगवाल्याकडून इंचाच्या हजार भागांपैकी दहा भाग कमी करून घ्यायचे, त्या मापाचा रॉड मिळतो. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन बसतो. एवढ्या जुन्या इंजिनाचे हे सुटे भाग आजही मिळतात. १० हॉर्सपॉवर आणि त्याच्या वरच्या काही इंजिनांत थरथर कमी करण्यासाठी आत बॅलन्सचे दोन गिअर बसवलेले असत. त्यांची बेअरिंगं जुनी झाली की गिअर सुटून ब्लॉक फोडू शकतात. पुष्कळ जाणकार ते काढूनच टाकतात, मीही काढतो. थरथर जराशी वाढते, पण ब्लॉक वाचतो.

आता रंगाचं. लोक सुरुवात इथूनच करतात, आणि माझं भांडण नेमकं त्याच्याशीच आहे. ट्रॅक्टर आणला, सगळा सुटा केला, पत्रा घासला, सुंदर रंग मारला. मग लक्षात येतं की गिअर निसटतोय, किंवा सील गळतंय. पुन्हा पाना लावायचा आणि नव्या रंगाचे टवके उडवायचे. आधी तो चालला पाहिजे. एखादा हंगाम त्याच्याकडून गवत कापून घ्या, बर्फ लोटून घ्या. त्याची दुखणी तोच सांगेल. मग रंग.

रंग काढण्याआधी मूळ रंग कोणता होता तेही शोधा. सीटखाली, बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यात तो सापडतो. जॉन डिअर म्हणजे हिरवा-पिवळा असं आपण समजतो, पण १९६९ ते ७१ या काळात त्यांनी पॅटिओ मालिका काढली होती. तिची बॉडी पांढरी, आणि बॉनेट व सीट लाल, नारिंगी, पिवळी किंवा निळी. घरंदाज परसात हिरवा ट्रॅक्टर शोभणार नाही अशी कल्पना असावी. ती फारशी चालली नाही, म्हणून आज ते ट्रॅक्टर दुर्मिळ आहेत. हिरव्या रंगाच्या थराखाली नारिंगी कडा दिसली तर घासकागद खाली ठेवा. आणि त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा मास्क लावल्याशिवाय किंवा लहान मुलं जवळ असताना कोरडं घासू नका.

गंज काढायची एक पद्धत मात्र मी सगळ्यांना सांगतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला, धन बाजू टाकाऊ लोखंडाच्या पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सैल होऊन काळा गाळ उरतो, ब्रशनं निघून जातो, आणि चांगलं लोखंड झिजत नाही. दोन पथ्यं पाळायची. हे काम उघड्यावर करायचं, कारण त्यातून हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेतो. आणि धन बाजूला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

काम कुठलं करून घ्यायचं, असं तुम्ही विचाराल. इथल्या हौशी मंडळींचे नांगरटीचे दिवस असतात. एखादा शेतकरी आपलं रान देतो आणि हे चिमुकले ट्रॅक्टर मागे एकेक फाळ लावून ओळीनं उतरतात. पहिलं तास सरळ काढणं फार कठीण, तिथे गावच्या कसलेल्या औतवाल्याचाच डोळा लागतो. दुसऱ्या तासापासून उजवी चाकं आधीच्या तासात चालतात, त्यामुळे ट्रॅक्टर एका अंगाला कलतो. मघाशी सांगितलेली ती तेल उडवणारी जीभ आठवा. कललेल्या इंजिनात तेल कमी असेल तर ती तेलापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दर थोड्या वेळानं थांबून, ट्रॅक्टर सपाट जागेवर घेऊन तेलाची कांडी बघायची. ज्यांनी फक्त दिखाऊ ट्रॅक्टर केला आहे ते हे शिकत नाहीत.

माझे अमेरिकेतले मराठी श्रोते ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. असा ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर शरदात बघा, गवताचा हंगाम सरतो तेव्हा लोकांना शेडमधली जागा मोकळी हवी असते. इंजिन बंद आहे म्हणून घाबरू नका, ते चालू होतं. बघायचं ते बॉनेट, पुढची जाळी, डॅशबोर्ड आणि गवत कापायचा डेक, म्हणजे ट्रॅक्टरखालचं पात्यांचं झाकण. इंजिनाचे भाग मिळतात, पण कुजलेला पत्रा आणि हरवलेली जाळी मिळवताना दमछाक होते. स्टिअरिंग हलवून पुढच्या चाकांच्या पिना किती खेळतात ते पाहा, गिअर हातानं टाकून बघा, आणि मागच्या गिअरबॉक्सचं तेल थोडं सोडून बघा. ते दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, तेवढी किंमत कमी करून मागा. डेक, नांगर, बर्फाचं पातं, जे काही अवजार शेडमध्ये पडलं असेल ते त्याच वेळी मागून घ्या, नंतर ते सुटं सुटं शोधणं महाग पडतं.

नमस्कार.