अर्धा शब्द इकडे, अर्धा तिकडे

(पडदा काळा. एका वृद्ध स्त्रीचा आवाज. वाक्याच्या मध्येच तो तुटतो.)

"आम्ही सगळ्या जणी अंग..."

हा माझ्या आजीचा आवाज आहे. तिच्या लहानपणीच्या आठवणी मी एका दुपारी रेकॉर्ड करून ठेवल्या, दीड तास. रेकॉर्डर दर अर्ध्या तासाने चालू फाइल बंद करायचा आणि लगेच दुसरी उघडायचा. त्यामुळे 'अंगणात' हा एकच शब्द दोन फाइलींमध्ये विभागला गेला. पहिलीच्या शेवटी 'अंग', दुसरीच्या सुरुवातीला 'णात'. तिसरी फाइल वीस मिनिटांची झाली आणि बॅटरी संपली. उरलेली दहा मिनिटं माझ्या आतेबहिणीने तिच्या फोनवर घेतली.

चार तुकडे हातात होते आणि मला सलग दीड तास हवा होता. घरातल्या सगळ्यांना फोनवर पाठवता येईल इतका लहानही हवा होता. म्हणजे कामं दोन: जोडणं आणि रूपांतर करणं. यातलं आधी कुठलं करायचं, यावर सगळं अवलंबून असतं.

(दृश्य: संगणकाचा पडदा. चार फाइली.)

मी आधी रूपांतर केलं. चारही फाइलींच्या एमपीथ्री केल्या, मग त्या एकापुढे एक जोडल्या आणि ऐकलं. आजी म्हणाली 'अंग', मग क्षणभर पोकळी, आणि मग 'णात'. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. पण शब्दाच्या मधोमध पडलेली पोकळी कानाला लगेच टोचते. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती नव्हती. मग आली कुठून?

त्यासाठी आवाज फाइलीत कसा राहतो ते पाहू.

(दृश्य: आवाजाची लाट. जवळ, आणखी जवळ. शेवटी रेषा संपते आणि सुटे ठिपके दिसतात.)

हा प्रत्येक ठिपका म्हणजे त्या क्षणी हवेचा दाब किती होता त्याचं एक मोजमाप. याला सॅम्पल म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने जो दर ठरवला, तोच माझ्या रेकॉर्डरचा आहे: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आणि एखादी कंपनसंख्या नीट पकडायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. तिथून हा आकडा त्या घरात येतो. प्रत्येक सॅम्पल १६ बिटांचं, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की मिनिटाला सुमारे १० एमबी होतात. माझ्या रेकॉर्डरच्या फाइली वेव्ह या प्रकारच्या होत्या. वेव्ह फाइलीत हे आकडे जसेच्या तसे, ओळीने मांडलेले असतात. वरती एक छोटा मथळा असतो, बहुतेक वेळा ४४ बाइटांचा. सॅम्पलचा दर किती, चॅनेल किती, पुढे मजकूर किती लांब, एवढंच त्यात लिहिलेलं असतं.

म्हणून दोन वेव्ह फाइली नुसत्या एकमेकींना चिकटवल्या तर काम होत नाही. मथळ्यात लांबी पहिल्या फाइलीचीच राहते, त्यामुळे प्लेअर तेवढंच वाजवून थांबतो. दुसरी फाइल आत असते, पण ऐकू येत नाही. जोडणाऱ्या प्रोग्रामला नवा मथळा लिहावाच लागतो.

एमपीथ्रीचं वेगळं आहे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे तंत्र घडवलं, त्याचा पाया आपल्या कानाच्या एका सवयीवर आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासच्या सुरातला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. जे ऐकू येणार नाही ते साठवायचं कशाला? म्हणून ते टाकून दिलं जातं. हा हिशेब सॅम्पलगणिक होत नाही, गठ्ठ्यांनी होतो. १,१५२ सॅम्पलची एक फ्रेम. ४४,१०० च्या दराने ती भरते २६ मिलिसेकंदांची.

पोकळीचं मूळ इथे आहे. आजीची पहिली फाइल काही १,१५२ च्या पटीत संपत नव्हती. शेवटची फ्रेम अर्धवट राहिली आणि एन्कोडरने, म्हणजे एमपीथ्री बांधणाऱ्या प्रोग्रामने, उरलेली जागा शांततेने भरली. शिवाय एन्कोडर आणि ती वाजवताना उलगडणारा डीकोडर, या दोघांच्या कामाच्या पद्धतीमुळे प्रत्येक एमपीथ्रीच्या सुरुवातीलाही थोडी शांतता येते. लेम या प्रसिद्ध एन्कोडरच्या बाबतीत ती एक हजाराहून जास्त सॅम्पलची, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंदांची असते. एक शेवटाची, एक सुरुवातीची. दोन्ही शांतता मिळून माझ्या सांध्यावर येऊन बसल्या. किती शांतता घातली याची नोंद लेम फाइलीत करून ठेवतो आणि चांगले प्लेअर ती वाचून तेवढा भाग गाळतात. पण तुकडे चिकटवून एक फाइल केली की मधल्या नोंदी कोणी वाचत नाही.

तेव्हा आधी जोडायचं, मग रूपांतर करायचं. सुदैवाने मूळ फाइली मी पुसल्या नव्हत्या.

(दृश्य: ऑडॅसिटी उघडते.)

ऑडॅसिटी हा आवाज कापण्या-जोडण्याचा, फुकट मिळणारा, मुक्त प्रोग्राम. कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉजर डॅननबर्ग आणि डॉमिनिक मॅझोनी यांनी तो सुरू केला आणि २००० साली तो लोकांसमोर आला. मी चारही फाइली आत ओढल्या. त्या एकाखाली एक, चार ट्रॅकवर बसल्या. मग मेनूतल्या 'अलाइन एंड टू एंड' या आज्ञेने एकीच्या शेवटाला दुसरीची सुरुवात लागली. क्रम वरून खाली जसा दिसतो तसाच लागतो, म्हणून फाइलींना आधीच ०१, ०२ अशी नावं द्यावीत. माझ्यासारखं नुसतं १, २ दिलं आणि फाइली दहाच्या पुढे गेल्या, तर पुष्कळ ठिकाणी १० हा आकडा २ च्या आधी जाऊन बसतो.

फोनवरची चौथी फाइल वेगळी होती. तिचा दर ४८,०००. ऑडॅसिटी असा फरक स्वतः सांभाळते; नवे ठिपके मधल्या जागी हिशेबाने बसवून सगळं एका दरावर आणते. हा हिशेब न करता तेच आकडे ४४,१०० च्या मथळ्याखाली ठेवले तर काय होतं, ते मी मुद्दाम करून पाहिलं.

(आवाज: तेच बोलणं, संथ आणि जडावलेलं.)

एक मिनिटाच्या बोलण्याला ६५ सेकंदं लागतात आणि आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर खाली उतरतो. आजी आजारी असल्यासारखी वाटते. मी ते लगेच बंद केलं.

तिसऱ्या आणि चौथ्या फाइलीच्या सांध्यावर दुसरी अडचण होती. इथे रेकॉर्डिंग खरंच थांबलं होतं, यंत्रही बदललं होतं. पहिली लाट वर असताना संपते, दुसरी खालून सुरू होते, आणि ही उडी स्पीकरमधून 'टक्' अशी येते. लाट मधल्या रेषेला जिथे छेदते तिथे कापलं तर टक् जातं. ऑडॅसिटीत निवडीच्या कडा तिथे सरकवायला झेड ही कळ आहे. पण फोनच्या आणि रेकॉर्डरच्या खोलीतला शांतपणासुद्धा एकसारखा नव्हता. म्हणून मी पाव सेकंद दोन्ही एकमेकांवर ठेवले, एक मावळत जाणारा आणि दुसरा उगवत जाणारा. आजीचे शब्द या पाव सेकंदात येऊ नयेत, तिने श्वास घेतला ती जागा मिळावी, यासाठी अर्धा तास गेला. तो मला अजिबात वाया वाटला नाही.

आता रूपांतर. जोडलेला दीड तास वेव्हमध्ये जवळजवळ ९५० एमबी होता. एक प्रत फ्लॅकमध्ये केली. २००१ सालापासून असलेलं हे फॉरमॅट आकार बराच कमी करतं, पण आतला एकही आकडा गमावत नाही. उलगडलं की मूळ वेव्ह बिट न् बिट परत मिळतं. ती प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली. दुसरी प्रत नातेवाइकांसाठी: एमपीथ्री, एक चॅनेल, सेकंदाला ६४ किलोबिट. एका माणसाच्या बोलण्याला हे पुरतं. दीड तासाची फाइल ४३ एमबीची झाली. ऑडॅसिटीसाठी लेम वेगळं उतरवून घ्या, असं जुन्या माहितीत अजून वाचायला मिळतं. ते एमपीथ्रीच्या पेटंटच्या काळातलं आहे. २०१७ मध्ये फ्राउनहोफरचा परवान्यांचा कार्यक्रम संपला आणि आता विंडोज आणि मॅकवर लेम ऑडॅसिटीसोबतच येतं.

माझ्या काकांनी त्यांना मिळालेली एमपीथ्री पुन्हा वेव्हमध्ये बदलली, 'दर्जा वाढतो' असं त्यांनी ऐकलं होतं. फाइल कितीतरी पटींनी फुगली, पण एन्कोडरने टाकून दिलेलं परत येत नाही. आणि त्या वेव्हची पुन्हा एमपीथ्री केली असती तर आणखी थोडं गेलं असतं. नावाच्या शेवटची अक्षरं बदलून तर काहीच होत नाही; आतली मांडणी तीच राहते. मी काकांना फ्लॅकची प्रत पाठवली.

एकच मुद्दा राहिला. तुमच्याकडे तुकडे मुळातच एमपीथ्रीत असतील, मूळ कुठेच नसेल, तर ते उलगडून पुन्हा बांधू नका. एफएफएमपेगसारखा प्रोग्राम फ्रेमा जशाच्या तशा उचलून ओळीने लावतो. दर्जा आहे तेवढा राहतो, काम काही सेकंदांत होतं. सांध्यावरची ती बारीकशी पोकळी मात्र स्वीकारावी लागते.

(दृश्य: लाट पुन्हा मोठी होते. पहिल्या आणि दुसऱ्या फाइलीचा सांधा. सुटे ठिपके.)

हा पहिल्या फाइलीचा शेवटचा ठिपका. हा शेजारचा, दुसरीचा पहिला. रेकॉर्डरने या दोघांमध्ये काहीही गमावलं नव्हतं. वळण जसं चाललं होतं तसंच पुढे जातंय.

(आवाज.)

"आम्ही सगळ्या जणी अंगणात जमायचो, आणि मग माझी आई दिवा घेऊन बाहेर यायची..."