उपप्रश्न हुकला की मंत्री सुटले: विरोधी खासदाराचे संसदेतील काम

नमस्कार. विरोधी पक्षनेत्यावरील मागच्या भागानंतर आपल्यापैकी अनेकांनी एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारली आहे: बहुमत सरकारकडे असताना विरोधी खासदाराने सभागृहात करायचे तरी काय?

आज मला बोलायचे आहे ते प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल, आणि त्यातही उपप्रश्नाबद्दल, म्हणजे मंत्र्यांच्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारायच्या पुढच्या प्रश्नाबद्दल, कारण विरोधी खासदाराची खरी कसोटी तिथे लागते आणि नेमके तेच आपल्या चर्चेतून सुटते.

लोकसभेत हा तास सकाळी ११ ते १२ असतो. प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, मग सोडत निघते आणि एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना सभागृहात तोंडी उत्तर अपेक्षित असते असे प्रश्न, लागतात. आपला क्रमांक आला की खासदार उभे राहून प्रश्नाचा फक्त क्रमांक उच्चारतात, मंत्री ‘विवरण सभापटलावर ठेवले आहे’ एवढेच म्हणतात, आणि मूळ प्रश्न तिथेच संपतो. ते विवरण म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर केलेले लेखी उत्तर, आणि ते अधिकाऱ्यांनी सवडीने, शब्द तोलून लिहिलेले असते. त्यानंतर प्रश्नकर्त्याला जे दोन उपप्रश्न मिळतात, तेवढ्यापुरते मंत्र्यांना स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागते.

काही वर्षांपूर्वी मी एका विरोधी खासदारांच्या कार्यालयात प्रश्नांचे मसुदे लिहीत असे. मतदारसंघातील एका रखडलेल्या उड्डाणपुलाचा आमचा प्रश्न सोडतीत निघाला, तेव्हा पहिला उपप्रश्न मी लिहून दिला. त्यात लोकांच्या हालांचे सविस्तर वर्णन होते आणि शेवटी ‘सरकार याबाबत गंभीर आहे काय?’ असे वाक्य होते. ‘सरकार अत्यंत गंभीर आहे,’ असे सांगून मंत्री खाली बसले. वर्णन खरे होते, भावना खरी होती, पण उत्तर टाळण्याची वाट मीच मोकळी करून दिली होती. दुसरा उपप्रश्न खासदारांनी स्वतः, विवरणावर बोट ठेवून विचारला: ‘काम प्रगतिपथावर आहे असे आपण म्हटले आहे, निविदा कोणत्या तारखेला निघाली?’ मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिले, तिथून चिठ्ठी येईना, आणि ‘माहिती घेऊन सभागृहापुढे ठेवीन’ असे त्यांना म्हणावे लागले.

आता हाच प्रसंग दुसऱ्या बाजूने पाहा. ‘माहिती घेऊन ठेवीन’ हे उत्तर ऐकून अनेक प्रेक्षक लिहितात की मंत्र्यांनी वेळ मारून नेली. तसे नाही. सभागृहात उच्चारलेले असे वाक्य आश्वासन म्हणून नोंदले जाते, ते साधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण करावे लागते, आणि लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. मुदती वाढवून घेतल्या जातात, काही आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळतात, हे मला मान्य आहे. पण नोंद झालेली गोष्ट पुन्हा विचारता येते. ‘अत्यंत गंभीर आहे’ या उत्तराचा पाठपुरावा कोणी आणि कसा करायचा?

म्हणूनच ‘अमुक खासदारांनी मंत्र्यांची बोलती बंद केली’ अशा मथळ्यांच्या चित्रफिती आपण पाठवता, तेव्हा मी अस्वस्थ होतो. त्यांतील बहुतेक ठिकाणी दीड मिनिटाचे भाषण असते आणि प्रश्न नसतोच. पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधील मुंगेर व बांका येथून लोकसभेवर गेलेले समाजवादी नेते मधु लिमये यांचा सत्ताधाऱ्यांना जो धाक होता, तो आवाजाचा नव्हता. कामकाजाचे नियम आणि सरकारचीच कागदपत्रे त्यांना मुखोद्गत असत.

एका प्रेक्षक भगिनींनी विचारले आहे की अन्याय समोर दिसत असताना विरोधकांनी गोंधळ घालायचाच नाही का? ताई, निषेधाचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. सभात्याग हेही संसदीय आयुध आहे. माझे म्हणणे फक्त त्या एका तासापुरते आहे. गोंधळात तो तास वाहून गेला, तरी विसाच्या वीस प्रश्नांची लेखी उत्तरे सभापटलावर ठेवलेली मानली जातात आणि उपप्रश्न तेवढे बुडतात. म्हणजे अधिकाऱ्यांनी लिहिलेले सगळे नोंदले जाते आणि मंत्र्यांना जे बोलणे भाग पडले असते, ते कधी उच्चारलेच जात नाही. ज्या दिवशी सरकारकडे उत्तर नसते, त्या दिवशी हा गोंधळ सरकारच्याच पथ्यावर पडतो, आणि हे विरोधी बाकांवरील मंडळींना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

शिवाय अध्यक्षांनी परवानगी दिल्यास दुसऱ्याच्या प्रश्नावरही उपप्रश्न विचारता येतो. त्यासाठी त्या दिवशीची सगळी विवरणे सकाळीच वाचून सभागृहात जावे लागते. आमचे खासदार विवरणातील ज्या शब्दाला तारीख किंवा आकडा जोडलेला नसेल, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारीत. उड्डाणपुलाच्या विवरणात अशी एकच रेघ होती, ‘प्रगतिपथावर’ या शब्दाखाली. पुढे आश्वासनाच्या पूर्ततेचा कागद आला, तेव्हा कळले की निविदा निघालीच नव्हती.