उभी कुठं करायची?

[शोरूमचं अंगण. पांढरी गाडी. कॅमेरा टायरच्या उंचीवर.]

बाबांनी आधी गाडीला प्रदक्षिणा घातली. मग टाचेला बोट लावत, पावलं टाकत लांबी मोजली. पिंपरीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, छापील आकड्यावर त्यांचा भरवसा नाही. "साडेपाच मीटर," ते म्हणाले.

माहितीपत्रकात ५.५१ आहे.

"आणि रुंदी?"

"२.२ मीटर. आरसे उघडले की २.३८."

"अगं, मग उभी कुठं करायची?"

हा प्रश्न त्या दुपारी मी आणखी तीनदा ऐकणार होते.

ही जनरल मोटर्सच्या जीएमसी ब्रँडची हमर ईव्ही, विजेवर चालणारी. शोरूम डेट्रॉईटच्या उत्तरेला, एका उपनगरात. ट्रॉय, नोव्ही, कँटनमधल्या मराठी घरांत उन्हाळा लागला की कुणाचे ना कुणाचे आईवडील मुक्कामाला येतात, तसे बाबा आलेत. आम्ही गाडी घेणार नाही, हे सेल्समनला पहिल्या मिनिटात कळलं असावं. पहिल्या आवृत्तीची किंमत १,१२,५९५ डॉलर होती. तरी बिचाऱ्यानं किल्ली दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

[जुनी छायाचित्रं.]

हमरचं कूळ फौजेतलं. १९८३ मध्ये अमेरिकी सैन्यानं एएम जनरल या इंडियानातल्या कंपनीला ५५ हजार गाड्यांचं कंत्राट दिलं. १९९१ च्या आखाती युद्धात ही फौजी गाडी घराघरांतल्या टीव्हीवर दिसली. नट अर्नोल्ड श्वार्झनेगरनं ती स्वतःला हवी म्हणून कंपनीचा पिच्छा पुरवला आणि १९९२ पासून ती नागरिकांनाही मिळू लागली. पुढे नाव जनरल मोटर्सनं घेतलं. एच-टू हे नवं मॉडेल आलं, मिरवलं. २००८ मध्ये पेट्रोल महागलं, २००९ मध्ये जनरल मोटर्सनं दिवाळखोरी जाहीर केली, एका चिनी कंपनीशी चाललेला सौदा फिसकटला आणि २०१० मध्ये हमर संपली.

दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तेच नाव विजेच्या गाडीवर लागलं. बाबांना दुसरीच तारीख आठवली. याच कंपनीचा आपल्या तळेगावचा कारखाना थांबला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात.

[गाडीच्या आत.]

आत चढताना बाबांनी खांबाला धरलं आणि एसटीत चढावं तसं अंग वर ओढून घेतलं. आतली सजावट चंद्राची आहे. स्पीकरच्या जाळीवर 'शांततेच्या समुद्रा'चा नकाशा कोरलाय, म्हणजे १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला ती जागा. कल्पना छान आहे. पण चंद्रावर पार्किंगची अडचण नाही, हे डिझाइन करणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

छपरावर, पुढच्या काचेच्या वर, पिवळे दिवे आहेत. ते शोभेचे वाटतात, पण नाहीत. ८० इंचांहून रुंद वाहनाला इथल्या कायद्यानं ते लावावेच लागतात, ट्रकसारखे. लायसन्स मात्र ट्रकचं लागत नाही. माझं साधं चालतं.

मी पाय ठेवला आणि गाडी आवाज न करता निघाली. हीच गोष्ट मला विचित्र वाटली. एवढं धूड हलताना काहीतरी कुरकुरायला हवं.

वजन, ४,११० किलो. पाच अल्टो तराजूच्या एका पारड्यात घाला, हिचं पारडं तरी खालीच राहील. त्यातली बॅटरीच १,३२६ किलोंची. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी जाहीर भाषणात हेच उदाहरण दिलं होतं, की हमरच्या नुसत्या बॅटरीच्या वजनात एक होंडा सिव्हिक बसते.

[हायवे. वेगमापक.]

हायवेच्या चढणीवर मी जरा जोर दिला. हजार अश्वशक्ती, तीन इलेक्ट्रिक मोटर. थांबलेल्या अवस्थेतून साठ मैलांचा वेग तीन सेकंदांत, असा कंपनीचा दावा. मी त्याच्या अर्ध्याही वाटेला गेले नाही, तरी पोट मागे राहिलं आणि आम्ही पुढे.

बाबांनी वरची मूठ पकडली. "पळते ठीक आहे. थांबते का?"

थांबते. ब्रेक दणकट आहेत. पण प्रश्न टूलरूमचा होता आणि रास्त होता. नेब्रास्का विद्यापीठात रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यांची चाचणी झाली, तेव्हा सात हजार पौंडांचा विजेवरचा एक पिकअप साठ मैलांच्या वेगानं कठडा फाडून पलीकडे गेला. कठडे हलक्या गाड्यांच्या जमान्यातले. आम्ही बसलो होतो ती नऊ हजार पौंडांची.

"खाते किती?"

दोनशेहून जास्त युनिटं साठवते, एका भरण्यात ३२९ मैल जाते, म्हणजे साधारण ५३० किलोमीटर. बाबांनी मनातल्या मनात एमएसईबीचं बिल काढलं. "आपल्या चिंचवडच्या घराचं दीड महिन्याचं."

इथे नव्या गाडीच्या काचेवर ती किती ऊर्जा खाते याचा सरकारी कागद चिकटवलेला असतो. हमरला त्याची सक्ती नाही, ती एका ठरावीक वजनाच्या पलीकडची म्हणून. म्हणजे घासभर खाणाऱ्यानं ताट दाखवायचं आणि बकासुराला कुणी विचारायचं नाही.

[हॅमट्रॅम्क. अरुंद गल्ल्या, खेटून उभी लाकडी घरं.]

कॅनिफच्या फाट्याला उतरून आम्ही हॅमट्रॅम्कमध्ये शिरलो. चहूबाजूंनी जवळजवळ डेट्रॉईटनंच वेढलेलं, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं हे गाव. आधी पोलंडहून आलेल्या कामगारांचं, आता येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबांचं. पोलिश बेकरी आहे, मशीद आहे, माशांचं दुकान आहे. दुतर्फा गाड्या उभ्या आणि मध्ये उरलेल्या वाटेत आम्ही. मी श्वास आत ओढून चालवत होते, जणू त्यानं गाडी आकसणार होती.

समोरून एक पोरगा सायकलवर आला. आमच्याकडे पाहून तोच फुटपाथवर चढला.

जोसेफ कँपॉ रस्त्याच्या मागे एक पार्किंग सापडलं. साधारण नऊ फुटांचे पांढरे पट्टे. आरसे उघडे ठेवले तर दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नाही. इथे सेल्समनला स्फुरण चढलं. या गाडीची मागची चाकंही वळतात, दहा अंशांपर्यंत. एक बटण दाबलं की चारही चाकं एकाच दिशेला तिरकी होतात आणि गाडी तोंड न वळवता तिरपी सरकते. कंपनी या चालीला 'क्रॅबवॉक' म्हणते, खेकड्याची चाल. मी करून पाहिली. खरोखर गंमत येते. दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा म्हणाले, "खेकड्याला निदान बीळ असतं."

आम्ही तिथे गाडी लावली नाही. लावली असती, पण दार उघडून उतरणार कसे?

[कारखान्याची लांबच लांब कुंपणभिंत.]

दोन मिनिटांवर तिचं जन्मघर आहे. अर्धं डेट्रॉईटच्या हद्दीत, अर्धं हॅमट्रॅम्कच्या. आज नाव फॅक्टरी झीरो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी इथेच ही गाडी पळवून पाहिली होती. मी कुंपणाच्या कडेनं हळू चालवत होते आणि रस्ता पहिल्यांदा रुंद वाटत होता.

ही जागा अशी मोकळी नव्हती. १९८० च्या जानेवारीत इथला डॉजचा जुना कारखाना बंद पडला. जनरल मोटर्सला नवा कारखाना काढायला साडेचारशे एकरांहून जास्त जमीन हवी होती. त्या जमिनीवर पोलटाउन नावाची वस्ती होती. हजारावर घरं, चार हजारांवर माणसं, शंभरावर दुकानं, चर्चेस, एक इस्पितळ. डेट्रॉईट शहरानं सक्तीचं भूसंपादन केलं. लोक कोर्टात गेले. मार्च १९८१ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानं शहराच्या बाजूनं कौल दिला. नोकऱ्या येणार, म्हणजे सार्वजनिक हित.

बाबांनी विचारलं, "सातबारा होता का त्यांच्याकडे?"

"होता बाबा. त्यांच्या पद्धतीचा. पैसेही मिळाले."

"हं."

इमॅक्युलेट कन्सेप्शन नावाचं एक चर्च होतं. वरिष्ठांनी ते विकायला केव्हाच मान्यता दिली होती, पण तिथे प्रार्थनेला येणारी माणसं हलेनात. त्यांत म्हाताऱ्या बायका बऱ्याच. २९ दिवस ती आत बसून राहिली. जुलै १९८१ मध्ये पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि चर्च पाडलं. १९८५ पासून तिथून कॅडिलॅक बाहेर पडू लागल्या. सहा हजार नोकऱ्यांचं आश्वासन होतं, तेवढ्या झाल्या नाहीत. २००४ मध्ये त्याच न्यायालयानं, दुसऱ्या एका खटल्यात, १९८१ चा निकाल चुकीचा होता असं म्हटलं. तोवर गल्ल्यांची नावंसुद्धा नकाशावरून गेली होती.

[कुंपणाच्या जाळीतून दिसणारी झाडं.]

एक गोष्ट मात्र हलवता आली नाही. बेथ ओलेम, ज्यू लोकांची जुनी दफनभूमी. सव्वादोन एकर, अकराशे कबरी, आणि चहूकडे कारखाना. वर्षातून दोनदा फाटक उघडतं, वसंतात पेसाख या सणाआधी आणि शरदात त्यांच्या नव्या वर्षाआधी. त्या दिवशी नातेवाईक कारखान्याच्या आवारातून आपल्या माणसांपर्यंत जातात.

आम्ही गेलो तो दिवस त्यांतला नव्हता.

मी गाडी कडेला घेतली. इथे मात्र भरपूर जागा होती, मागेही आणि पुढेही. सेल्समन घड्याळ बघत होता. बाबा काच खाली करून जाळीपलीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताच्या आरशाकडे पाहिलं, पुन्हा जाळीकडे पाहिलं.

"त्या दफनभूमीचं फाटक केवढं असेल गं? ही जाईल का आत?"

मी आरसे मिटले आणि गाडी वळवली.