सिक्युरिटी झाल्यावर माघारी फिरायचं असेल तर

नमस्कार, श्रोतेहो.

विमानतळावर जाताना काय करायचं, हे आता घरोघरी पाठ झालंय. दोन तास आधी पोचायचं, आधार कार्ड हाताशी ठेवायचं, पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही. पण सिक्युरिटी चेक पार पडलाय, आपण गेटसमोरच्या खुर्चीवर बसलोय, आणि नेमकं तेव्हाच प्रवास रद्द करून घरी परतायची वेळ आली तर काय करायचं? हे कुणी सांगत नाही. आणि वेळ तर येते. गावाकडून फोन येतो. एखाद्याच्या छातीत दुखायला लागतं. फ्लाइट चार-पाच तास पुढे ढकलली जाते आणि ज्या लग्नाला निघालो त्याचा मुहूर्तच टळून जातो. मी मुंबईच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या गेटवर बरीच वर्षं काम केलं. अशी माणसं तिथे नेहमी पाहिली, म्हणून आज या विषयावर बोलायचं ठरवलं.

पहिली गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे भीती. तुमचं तिकीट आहे म्हणून तुम्हाला विमानात बसलंच पाहिजे, असं कुणी म्हणू शकत नाही. तुम्हाला परत जाता येतं. फक्त एकट्याने, आलात त्याच वाटेने चालत जाता येत नाही. सिक्युरिटीच्या चौकटीतून माणसं फक्त आत येतात. तिथे उभा असलेला सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या केंद्रीय दलाचा, जवान तुम्हाला उलट्या दिशेने सोडणार नाही, आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. सोडायचं की नाही, हे त्याच्या एकट्याच्या हातात नसतंच.

एका संध्याकाळी नागपूरच्या फ्लाइटचं बोर्डिंग सुरू होतं. कराडहून फोन आला म्हणून एक बाई एकदम उठल्या. वडिलांना आयसीयूत हलवलं होतं. त्यांचे यजमान म्हणाले, "चल, कुणाला सांगत बसायला नको, आधी बाहेर पडू." दोघं तडक सिक्युरिटीकडे गेले. जवानाने अडवलं. इकडे आम्ही दोघांची नावं माइकवरून पुकारतोय, शेवटची सूचना म्हणून. आणि तिकडे ते जवानाला विनवण्या करतायत. वीस पावलांवर आम्ही होतो, पण त्यांना वाटत होतं की आपण कंपनीला सांगितलं तर आपल्याला अडकवतील. शेवटी जवानानेच वॉकीटॉकीवरून आम्हाला बोलावलं. तोवर त्यांची बॅग विमानाच्या पोटात गेली होती.

ती बॅग बाहेर काढायचं काम मी जवळून पाहिलंय. छोट्या विमानाच्या सामानकक्षात माणसाला ताठ उभं राहता येत नाही. लोडर गुडघ्यांवर रांगत आत शिरतात आणि टॉर्च मारून एकेका बॅगेचा टॅग वाचतात. टॅगवर दहा आकडे असतात. शेवटचे आकडे बघायचे, जुळले नाहीत की बॅग बाजूला सरकवायची. तुमची बॅग सगळ्यात आत असेल तर तिच्यापुढच्या सगळ्या बॅगा आधी हलवाव्या लागतात. वर दीडशेहून जास्त प्रवासी खोळंबून बसलेले. त्या दिवशी विमान उशिरा सुटलं, आणि त्या बाईंना बाहेर पडायलाही उशीर झाला. उठल्या उठल्या आम्हाला सांगितलं असतं तर बॅग खालीच थांबवता आली असती.

इतकं सगळं कशासाठी, माणूस नाही तर नाही, बॅग पुढच्या विमानाने परत येईल की, असं वाटणं साहजिक आहे. त्यामागे 23 जून 1985 ची सकाळ आहे. एअर इंडियाचं 'कनिष्क' हे जंबो विमान त्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर हवेतच फुटलं. 329 माणसं गेली. कॅनडाहून निघालेलं ते विमान लंडन, दिल्ली करत मुंबईला यायचं होतं. त्यातले बहुतेक प्रवासी भारतीय वंशाचे होते. सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली कितीतरी मुलं होती. तपासात जे पुढे आलं ते असं: एका माणसाने व्हँकुव्हरला एक सूटकेस चेक-इन केली. पुढच्या विमानाचं, म्हणजे 'कनिष्क'चं, त्याचं तिकीट पक्कं नव्हतं, तरी बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा म्हणून तो काउंटरवर अडून बसला. मागे रांग वाढत होती. काउंटरवरच्या बाईंनी अखेर टॅग लावून दिला. बॅग गेली, आणि तो माणूस विमानात चढलाच नाही. त्याच दिवशी अशीच दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले.

मी काउंटरवर बसायला लागले तेव्हा सिनियर मंडळींनी हे सगळं आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. रांग कितीही लांब असो, माणूस नसेल तर बॅग जाणार नाही. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्युरो 1987 साली स्वतंत्र खातं झालं, ते याच घटनेनंतर. म्हणून गेटवर नाव पुकारूनही कुणी आलं नाही की आमचा जीव खालीवर होतो. तो माणूस बाथरूममध्ये आहे, झोपलाय, घरी गेलाय की आणखी काही, हे आम्हाला कळायला मार्ग नसतो.

तेव्हा करायचं काय, तर सरळ आपल्या गेटच्या काउंटरवर जायचं आणि म्हणायचं, "मला जायचं नाही, मला ऑफलोड करा." कारण थोडक्यात सांगायचं. आम्हाला तुमच्या घरातला तपशील नको असतो, पण तब्येतीचं कारण असेल तर जरूर सांगा. डॉक्टर बोलावता येतो, व्हीलचेअर येते. मग कंपनी तुमचा बोर्डिंग पास रद्द करते, बॅग असेल तर ती थांबवते, सीआयएसएफला कळवते. तुमची नोंद होते आणि कंपनीचा माणूस तुमच्याबरोबर बाहेरपर्यंत येतो. डिजियात्राने चेहरा दाखवून आत आला असलात तरी बाहेर पडताना हे करावंच लागतं. बॅग हातात यायला वेळ लागतो. म्हणून घराच्या किल्ल्या, रोजची गोळ्यांची डबी, दवाखान्याची फाइल कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका. फारच घाई असेल तर बॅग मागाहून न्यायची सोय होते का, ते विचारा; टॅगची पावती मात्र जपून ठेवा.

विमानात बसल्यावर उतरायचं असेल तर प्रकरण वाढतं. तुमची बॅग उतरवायची, तुमच्या सीटच्या आसपास शोध घ्यायचा, वरच्या कप्प्यातली प्रत्येक हँडबॅग कुणाची ते प्रवाशांना विचारून खात्री करायची, हे सगळं दार बंद करण्याआधी व्हावं लागतं. तरीही जीव घाबरा होत असेल तर संकोच करू नका, केबिन क्रूला लगेच सांगा. विमान हलण्याआधी सांगितलेलं केव्हाही बरं.

उशिराची गोष्ट वेगळी. जानेवारी 2024 मध्ये धुक्यामुळे गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान मुंबईत उतरवावं लागलं, आणि प्रवासी धावपट्टीच्या आवारात जमिनीवर बसून जेवले. ते चित्र देशभर गाजलं, दंडही झाले. त्याच वर्षी सुरक्षा ब्युरोने सूचना काढली की विमानात बसवल्यावर फार वेळ खोळंबा झाला, तर प्रवाशांना विमानतळाच्या डिपार्चर गेटमधून बाहेर पडू द्यावं. ही सोय व्हायलाच हवी होती. अंगावर लहान मूल घेऊन बंद विमानात तासन् तास बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

परदेशी निघाला असाल तर एक पायरी वाढते. इमिग्रेशनचा शिक्का बसला की कागदोपत्री तुम्ही देश सोडलेला असतो. त्यामुळे कंपनीचा माणूस तुम्हाला परत इमिग्रेशनच्या काउंटरवर नेतो आणि तो शिक्का रद्द होतो. पासपोर्टवर ते झालेलं डोळ्यांनी बघून मगच पुढे चला. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली बाटली किंवा अत्तर परत करावं लागतं. बिल टाकून देऊ नका.

आणखी एक, जरा स्पष्टच बोलते. मुलगी पहिल्यांदा परदेशी चालली आहे, तिला गेटपर्यंत सोडायचंय, म्हणून परत करता येणारं तिकीट काढून आत यायचं आणि मग "मला जायचं नाही" म्हणायचं, असं काही लोक करतात. काही जण तर रद्द झालेलं तिकीट दाखवून आत शिरतात. आईबापाचं मन मला कळतं, पण हे करू नका. आपल्याकडे अशा लोकांना पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलंय. सिंगापूरला तर प्रवास न करता नुसतं आत शिरण्यासाठी बोर्डिंग पास वापरला तर 20,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना तिथलं वेगळं दिसेल. तिथे देशांतर्गत येणारे आणि जाणारे एकाच आवारात असतात, म्हणून सिक्युरिटीनंतरही बाहेरच्या दरवाजाने सरळ चालत निघता येतं. पिट्सबर्गसारख्या विमानतळाने 2017 पासून प्रवास न करणाऱ्यांनाही पास देऊन आत सोडायला सुरुवात केली. पण तिथली सवय घेऊन इथे येऊ नका, इथली रचनाच वेगळी आहे.

आता पैशांचं. ऐनवेळी न गेल्याने मूळ भाडं बऱ्याचदा बुडतं, पण सगळं बुडत नाही. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि यूजर डेव्हलपमेंट फीसारखी विमानतळाची शुल्कं कंपनीने परत द्यायची असतात. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, तसा नियम आहे. फ्लाइट सहा तासांहून जास्त लांबणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा, यातलं एक निवडायचा हक्क तुमचा. बहुतेक लोक मागतच नाहीत. एजंटकडून तिकीट काढलं असेल तर एजंटला, नाहीतर कंपनीला, ऑफलोड झाल्याची तारीख आणि पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक) लिहून मेल करा. रद्द झालेला बोर्डिंग पास फाडून टाकू नका, त्याचा फोटो मेलला जोडा. आणि दवाखान्यात धावपळ चालू असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

नमस्कार.