बडग्याच्या गळ्यातली पाटी

(धंतोलीतल्या एका वाचनालयात, सिनेमा दाखवण्याआधी केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवून संपादित.)

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर 'झोंबी आणि समाज' असा विषय लिहिलाय. तो वाचून एक काका आत आले आणि म्हणाले, आनंद यादवांच्या पुस्तकावर आहे ना? मी म्हटलं, नाही हो काका, मेलेली माणसं उठून चालायला लागतात ना, त्या सिनेमांवर आहे. त्यावर ते म्हणाले, "मंग त्याच्यात समाज कुठून आला बाप्पा?" तरीही तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांच्यासाठीच बोलतो.

खरं तर नागपूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, मिरवत काढतो, १८८० च्या दशकापासून काढतोय. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतो. मागून बडगे, म्हणजे आणखी पुतळे, येतात. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडलेले असतील त्याचा. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई, असं म्हातारी माणसं सांगतात. म्हणजे भयंकर दिसणारं बाहुलं करायचं आणि मनातलं त्याच्याकडून बोलून घ्यायचं, ही आपली जुनी खोड आहे. फरक एकच. बडग्याच्या गळ्यात पाटी असते, शिवी कोणाला आहे ते लिहिलेलं असतं. झोंबीच्या गळ्यात पाटी नसते. ज्या दिग्दर्शकानं ती अडकवली त्याचा सिनेमा बहुधा फसला.

झोंबी मूळचा हैतीचा. तिथे फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि १७९१ चा उठाव झाला तेव्हा जवळपास पाच लाख गुलाम त्या वसाहतीत राबत होते. आफ्रिकेतून पळवून आणलेली माणसं. मेल्यावर तरी सुटू, एवढीच आशा. त्यांच्यातली भीती अशी की कोणी मांत्रिक तुम्हाला मेल्यावर उठवेल आणि पुन्हा मळ्यात जुंपेल. म्हणजे हा झोंबी कोणाला खात नाही. तो फक्त काम करतो. लोक झोंबीला घाबरत नव्हते, झोंबी होण्याला घाबरत होते.

तिथली एक समजूत मला फार आवडते. झोंबीला मीठ द्यायचं नाही. जिभेवर मीठ पडलं की त्याला आठवतं, अरे, मी तर मेलोय, आणि तो मालकाला सोडून आपल्या थडग्याकडे चालू लागतो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे धन्याशी इमान राखायचं. तिकडे मिठानं जाग आली की धनी सुटतो. एकाच चिमटीच्या या दोन तऱ्हा बघा.

१९१५ ते १९३४ अमेरिकेनं हैती ताब्यात ठेवलं आणि तिथल्या गोष्टी सैनिकांबरोबर, प्रवाशांबरोबर अमेरिकेत पोचल्या. १९३२ साली 'व्हाइट झोंबी' आला. सिनेमा म्हणाल तर बेताचा. पण त्यात साखरेच्या घाण्याचा एक प्रसंग आहे. रिकाम्या डोळ्यांची माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन येतायत, खाली काहीजण लाकडी चक्र ढकलतायत, नुसती करकर ऐकू येते. एकाचा तोल जातो आणि तो घाण्यात पडतो. कोणी वळून बघत नाही. घाणा थांबत नाही. या एका मिनिटासाठी मी बाकी सगळा सिनेमा माफ केलाय.

पुढे १९६८. जॉर्ज रोमेरो, वय अठ्ठावीस, पिट्सबर्गमध्ये जाहिराती करणारा पोरगा. मित्रांसोबत पैसे जमवून सव्वा लाख डॉलरच्या आत त्यानं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. काळं-पांढरं चित्रण, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. झोंबी हा शब्द त्यात एकदाही येत नाही. पण मेलेले आता माणसं खायला लागले आणि मांत्रिक गेला. आता ते कोणाचेच गुलाम नाहीत, झुंडीनं येतात. शेतातलं एक घर, आत सात माणसं, बाहेर ते.

आता गंमत बघा. आतले सात जण झोंबींशी कमी आणि एकमेकांशी जास्त भांडतात. बेन फर्निचर मोडून दारं-खिडक्यांना फळ्या ठोकतो. कूपर म्हणतो, तळघरात जाऊन कडी लावू. बेनचं काम ड्वेन जोन्स या काळ्या नटानं केलंय. रोमेरो नेहमी सांगायचा की भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेलीच नव्हती, चाचणीत हाच सगळ्यांत चांगला वाटला. शेवट सांगून टाकतो, माफ करा, सिनेमा साठीला टेकलाय. बेन एकटा वाचतो, तोही ज्या तळघराला रात्रभर नाही म्हणत होता तिथे जाऊन. सकाळी बंदुका घेऊन गावकऱ्यांची टोळी येते. खिडकीत कोणीतरी हललं म्हणून गोळी घालतात. झोंबी आहे की माणूस, कोणी विचारत नाही.

४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या रात्री रोमेरो सिनेमाची प्रिंट गाडीत टाकून न्यूयॉर्कला निघाला होता. बातमी त्यानं गाडीच्या रेडिओवर ऐकली. सिनेमा आधीच पूर्ण झालेला होता. त्यानं मुद्दाम काही लिहिलं नव्हतं. पण काळा नायक आणि बंदुकवाल्या गोऱ्यांची टोळी पडद्यावर आली, तेव्हा पाटी प्रेक्षकानं आपल्या हातानं लिहिली.

१९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये रोमेरोनं मेलेल्यांची झुंड मॉलमध्ये नेली. मेलेले मॉलच्या काचेला येऊन चिकटतात. एक पात्र विचारतं, हे इथे का येतात? दुसरा सांगतो, आठवण असेल, त्यांच्या आयुष्यातली ही महत्त्वाची जागा होती. चंगळवादावर टीका, असं सगळे समीक्षक लिहितात. बरोबरच आहे. पण मला तिथे वेगळंच दिसलं.

माझे मोठेबाबा कापड मिलमध्ये होते. मिल बंद पडली, तरी पहाटे पाचला उठायचे. डबा भरून घ्यायचे. मोठीआई काही न बोलता भरून द्यायची, दोन पोळ्या आणि झुणका. सायकल काढून गेटपर्यंत जायचे, कुलूप हातानं हलवून पाहायचे आणि परत यायचे. डबा घरीच ओट्यावर बसून खायचे. दोनेक वर्षं हे चाललं. काचेला हात लावून उभे असलेले ते मेलेले पाहताना मला चंगळ नाही दिसली. मला मोठेबाबांचा हात दिसला. आणि नागपुरात हा विनोद आणखी कडू होतो. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्या दिवशी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज एम्प्रेस नावाचाच मॉल आहे. रोमेरोच्या झोंबीनं नागपुरात नेमकं कुठे यावं, खरेदीला की पाळीवर?

कोरियाचा 'ट्रेन टू बुसान', २०१६ चा, तुमच्यापैकी पोरांनी पाहिला असेल. विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात चढलेल्या माणसाला तो लगेच कळतो. आतले म्हणतात जागा नाही, बाहेरचे दार बडवतात, आणि एकदा आत शिरलं की बाहेरचाही आतला होतो, तोही म्हणतो जागा नाही. या सिनेमात काही माणसं मेलेल्यांमधून वाट काढत, जीव मुठीत धरून पुढच्या डब्यापर्यंत येतात. डब्यातले दार धरून ठेवतात. आत आल्यावरही, तुम्हाला लागण झाली असेल, म्हणून त्यांना पलीकडे हाकलतात. त्या डब्यात एक म्हातारी आहे. तिची बहीण मागे राहिली, आता काचेपलीकडे मेलेल्यांत उभी आहे. म्हातारी तिच्याकडे बघते, मग डब्यातल्या लोकांकडे बघते, उठते आणि दार उघडते. ते दार उघडताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. २०२० मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले, आणि पत्र्यापलीकडच्या बायकोच्या मावशीला दूध द्यावं की नाही यावर आम्ही घरात वाद घातला. तेव्हा ती म्हातारी पुन्हा आठवली.

आपल्याकडचं पटकन सांगतो. २०१३ चा 'गो गोवा गॉन' हसवतो, तेवढंच. 'बेताल'मध्ये जंगलातल्या आदिवासी गावात गोऱ्या कंपनीचे मेलेले शिपाई उठतात. कल्पना विदर्भाला जवळची, पण पात्रं पाटी हातात घेऊनच बोलतात. २०२२ चा मराठी 'झोंबिवली' मला त्यापेक्षा बरा वाटला, कारण डोंबिवलीतलं टॉवर आणि वस्तीमधलं अंतर त्याला ठाऊक आहे.

आता सिनेमा लावू. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'च आहे. वितरकानं नाव बदलताना कॉपीराइटची ओळ गाळली, म्हणून तो तेव्हापासून सगळ्यांचा झाला. आपल्यालाही फुकट पडला. एक विनंती. बेनला गोळी लागली की चपला शोधायला लागू नका. त्यानंतर श्रेयनामावलीच्या मागे वर्तमानपत्रातल्यासारखे ठिपकेदार फोटो येतात, प्रेतं ओढायचे आकडे हातात घेतलेली माणसं दिसतात. ते बघा. काका, तुम्ही जरा पुढे या, तिथून खांब आडवा येतो. आणि ते मागचं दार कोणीतरी लोटून घ्या, उजेड येतोय. कडी नका लावू, अजून लोक येतायत.