पात्राचा सातबारा

मंडळी, नमस्कार. विषय आहे खरी वाटतील अशी पात्रं उभी करण्याची साधनं. मी तीन सांगणार आहे: कागद, पंचांग आणि बोली.

नवे लिहिणारे पात्राचा तक्ता करतात. उंची, रंग, आवडता पदार्थ. पदार्थ आपल्याकडे खानदेशात ठरलेला, शेवभाजी नाहीतर भरीत! त्या तक्त्यातला माणूस जागचा हलत नाही. त्यापेक्षा त्याचा सातबारा लिहा, कोऱ्या कागदावर. गाव नमुना सातमध्ये नाव आणि क्षेत्र, बारामध्ये पीक. ‘इतर हक्क’ हा रकाना मात्र मोकळा सोडू नका. सोसायटीच्या कर्जाचा बोजा तिथेच चढतो.

समजा, रावेरकडचा केळीवाला आहे. आई आधीच गेलेली, आता बाप वारला. वारसनोंदीत तिघांची नावं लागली: तो आणि दोन बहिणी. कथेत पुढे काय होतं? बहिणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, झोके, गौराईची गाणी, आणि भाऊ कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. झाली जमीन भावाची! असं होत नाही हो. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. बहिणीला दुय्यम निबंधकासमोर बसावं लागतं; फोटो, ठसे, साक्षीदार. मग तलाठी फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरतो, नोटीस काढतो, हरकतीला 15 दिवस. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

तुमची कथा त्या 15 दिवसांत आहे! धाकटी सही करून सासरी परतलीय. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क भावाएवढाच. तिला हे ठाऊक नाही, की माहेर तुटू नये म्हणून ठाऊक असून सोडलं? हे एकदा ठरलं, की एसटीत बसल्यावर भावाने दिलेल्या साडीची पिशवी तिने मांडीवर घेतली की पायाशी ठेवली, ते आपसूक सुचतं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा पंचांग पटकन. केळीची मृगबाग जून-जुलैत लावली तर पैसा हातात यायला वर्ष जातं. पोरीचं लग्न वैशाखात, माल उतरणार ज्येष्ठात, आणि मधल्या वादळात बाग आडवी. वेगळं संकट शोधायची गरजच नाही. तसंच आपल्या कानबाई देवीच्या सणाचं. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांमागे सव्वा मूठ धान्य घेतात; भांडून सुरतला गेलेल्या मुलाची मूठ धरली का, तेवढं लिहा.

आता बोली. अहिराणी बोलणारा म्हणजे हसवणारा गडी, हे आधी थांबवा. अहिराणीत माणूस कर्ज मागतो, मयताला रडतो. आणि सगळा खानदेश अहिराणी बोलत नाही: यावल-रावेरला लेवा बोली, नंदुरबारकडे गुजरी, भिली, पावरी. आधी गाव ठरवा, मग तोंड उघडू द्या. धुळ्याकडचा अहिराणी माणूस बँकेत साहेबासमोर जपून ‘मला’, ‘मला’ म्हणत असतो. नेमक्या कुठल्या वाक्याला त्याच्या तोंडून ‘माले’ निघतं, ते शोधा.