बांधायला पैसा, राखायला काय?

(पहाट. जुन्या नाशिकमधली अरुंद गल्ली. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलल्याचा आवाज.)

पहाटेचे साडेचार. एक माणूस वाकून खड्ड्यात लांब दांड्याची चावी घालतो आणि आटे मोजत फिरवतो. मध्येच थांबतो, कान देतो. पाइपात पाणी सुटलं की नाही, हे त्याला आवाजावरून कळतं.

ओट्यावरून हाक येते, "दादा, आज तरी जोरात सोडा!"

"सोडलंय मावशी. खालच्यांनी मोटार लावली असंल."

नाशिक महापालिकेच्या वर्षाचा हिशेब मांडायचा, तर आम्हाला या व्हॉल्व्हमनपासून सुरुवात करावीशी वाटली. अंदाजपत्रकाच्या जाडजूड पुस्तकात तो 'आस्थापना खर्च', म्हणजे पगार-पेन्शनचा खर्च, या शीर्षाखाली कुठेतरी असतो. ठेकेदारामार्फत घेतलेला असेल, तर तिथेही नसतो.

(राजीव गांधी भवन, पालिकेचं मुख्यालय. जिन्यावर फायलींची ये-जा.)

1982 मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची खेडी एकत्र करून ही महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या भरली 14 लाख 86 हजार. 2021 ची जनगणना झालीच नाही, पण पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत इमारती उभ्या राहायच्या काही थांबल्या नाहीत.

पालिकेचा गल्ला एके काळी वेशीवरच्या जकात नाक्यांवर भरायचा. 2013 मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 2015 च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटीही माफ झाला. जुलै 2017 पासून जीएसटी. त्या बदल्यात राज्य सरकार दरमहा भरपाई देतं आणि कायद्यानं ती दरवर्षी 8 टक्के वाढते. मोठा आधार आहे. पण घर चालतंय दुसऱ्यानं पाठवलेल्या मनीऑर्डरवर.

स्वतःच्या हातातली मोठी कमाई म्हणजे घरपट्टी. तिला हात लावला की काय होतं, हे शहरानं 2018 मध्ये पाहिलं. तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी करदर वाढवले आणि विरोधाचा असा काही भडका उडाला की पुढे कुणालाही त्या विषयाला हात घालताना दहादा विचार करावा लागतो. एप्रिलमध्ये आगाऊ भरणाऱ्याला सवलत, थकवणाऱ्याला महिन्याला 2 टक्के शास्ती. मग कधीतरी अभय योजना येते, शास्ती माफ होते आणि वेळेवर भरणारा कपाळावर हात मारतो.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर काही वर्षं अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचं. भांडण नव्हतं, गोंधळ नव्हता. पण 'माझ्या वॉर्डातल्या नळाचं काय?' असं सभागृहात ओरडून विचारणारंही कुणी नव्हतं.

नोकरभरतीची गंमत आणखी वेगळी. शासनाची अट अशी की, आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत हवा. उत्पन्न घटलं, तर एकही माणूस न वाढता हा टक्का वर जातो आणि भरती अडते. माणसं निवृत्त होत राहतात. उरलेल्यांच्या गल्ल्या वाढतात.

(सिटीलिंकची बस. सकाळची गर्दी.)

तरीही काही उभं राहिलं. 8 जुलै 2021 ला पालिकेची सिटीलिंक बस धावू लागली. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर, तिकिटाचं उत्पन्न त्याहून कमी. पगार थकले म्हणून बस डेपोतच उभ्या राहिल्याचे दिवसही शहरानं पाहिलेत. याला सरसकट तोटा म्हणणं आम्हाला पटत नाही. नाशिकरोडहून सातपूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला विचारा.

पाण्यासाठी गंगापूर धरणाच्या जोडीला मुकणे धरणाची थेट जलवाहिनी आली. घंटागाडी तर इथल्या रोजच्या जगण्यात इतकी मुरलीय की, ती न आल्याचीच तेवढी बातमी होते.

(पावसाळा. गोदाघाट. फेसाळलेलं गढूळ पाणी.)

धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर क्युसेकचे आकडे विचारत बसत नाहीत. घाटावरच्या उंच मूर्तीकडे बोट दाखवून विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" कमरेपर्यंत म्हटलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. पूर ओसरला की चिखल काढणं, खड्डे बुजवणं. त्याचं उद्घाटन कुणी करत नाही.

गोदावरीचंही तसंच. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथं मलनिस्सारण केंद्रं आहेत. ती बांधायला योजना मिळाल्या. पण पंपांचं वीजबिल दर महिन्याला येतं, तिथं कसर झाली की खाली पात्रात पाणवेली पसरतात.

आता सिंहस्थ तोंडावर आहे. 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान. रस्ते, घाट, पूल, केंद्रं यांच्यासाठी सरकारचा पैसा येतो, येणारच. 2015 च्या सिंहस्थालाही आला होता. तेव्हा बांधलेल्या घाटांवर आज फरशी कुठे निघाली, दिवा कुठला बंद, हे चालत गेलं तरी दिसतं. साधू परतले की दिव्यांचं बिल आणि फरशीची डागडुजी पुन्हा घरपट्टीवरच.

(पुन्हा तीच गल्ली. उजाडलंय.)

साडेसहा. व्हॉल्व्हमन पाणी बंद करायला परत आलाय. झाकणाखाली झिरपतंय, तळाशी पाणी साचलंय. नवा व्हॉल्व्ह मागवलाय का, आम्ही विचारलं.

"लिहून दिलंय ना. मार्चची बिलं होऊ द्या म्हणाले, एप्रिलात बघू."

खिशातून त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, ताणून तीन वेढे दिले, गाठ मारली आणि झाकण पायानं सरकवलं.